परक्याचें बिऱ्हाड

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर वैशाखरे नांवाचें गांव आहे. तेथें सडक सोडून डोंगराच्या रोखानें चालूं लागलें म्हणजे रान दाट होत जातें, वाट चढणीस लागते, आणि दोनतीन तासांच्या चढणीनंतर मनुष्य कातळांत खोदलेल्या एका अरुंद खिंडीशीं येऊन उभा राहतो. हाच नाणेघाट. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत असत, असें परंपरा सांगते. जवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा यज्ञांविषयींचा व दानांविषयींचा ब्राह्मी लिपींतील लांबलचक लेख आहे, आणि त्यांत दक्षिणांचे आंकडे इतके आहेत कीं अंकचिन्हांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास हा लेख पाहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

राणीचे यज्ञ थोर खरे. परंतु त्या वाटेनें घाम पुशीत वर चढणाऱ्या परक्या मनुष्याचें काय होत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सोपारा आणि कल्याण या बंदरांत माल उतरे, तो बैलांच्या पाठीवरून आजच्या मुरबाड तालुक्यांतून नाणेघाटास येई आणि जुन्नरावरून पैठणास जाई. मालाबरोबर माणसें येत, आणि त्यांत समुद्रापलीकडचींही असत. त्यांस रात्रीं निजावयास जागा कोण देई? कोणाच्या शब्दावर देई? आणि त्या जागेबद्दल त्यांच्याकडून काय घेई? भाडें हें केवळ नाण्यांत घेतलें जातें असें नाहीं, ही गोष्ट या एका मुलखाच्या दोन हजार वर्षांच्या हकीगतींत वारंवार दिसून येते.

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीक नाविकानें अरबी समुद्रांतील व्यापाराची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांत कल्याणचा उल्लेख आहे, पण तो सुखाचा नाहीं. पूर्वीं हें बंदर कायदेशीर पेठ होतें. राज्य पालटल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि चुकून एखादें ग्रीक जहाज तेथें लागलेंच तर त्यास पहाऱ्यांत भडोचेस नेतात, असें तो सांगतो. म्हणजे परक्यास बंदरांत पाय ठेवूं द्यावा कीं नाहीं, हें त्याच्या वर्तनावर अवलंबून नसून दोन राजांच्या वैरावर अवलंबून होतें. आजही पारपत्राच्या कचेरीपुढें रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्यास ही स्थिति नवी वाटणार नाहीं.

घाट चढून जुन्नरास गेलें तर मात्र निराळेंच चित्र दिसतें. तेथील लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा तीन यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. एकानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, दुसऱ्यानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, तिसऱ्यानें लेण्याचा दर्शनी भाग करविला. हे यवन खुद्द ग्रीस देशांतून आले होते कीं पश्चिमेकडील कोठून येऊन येथेंच नांदूं लागले होते, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. मुद्दा तो नाहीं. परक्यानें गांवास पाणी दिलें आणि जेवावयास जागा दिली, आणि गांवानें त्याचें नांव दगडांत राहूं दिलें. ज्याचें नांव गांवच्या टाक्यावर कोरलें आहे त्यास ‘तूं कोण?’ असें विचारण्याची सोय राहत नाहीं.

याच काळांतला आणखी एक परका मनुष्य म्हणजे उषवदात. हा क्षत्रप नहपान याचा जांवई. जातीनें शक, म्हणजे वायव्येकडून आलेला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील आपल्या लेखांत त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचें गोवर्धन आणि सोपारा, या चार ठिकाणीं चौसोपी घरें व वाटसरूंस उतरण्याच्या जागा बांधल्याचें नमूद केलें आहे. दमण, तापी, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्या, हेंही त्यांत आहे. त्याच लेण्यांत त्याच्या ठेवीचा हिशेब आहे, तो शाळेंतल्या मुलांपुढें ठेवण्याजोगा आहे. गोवर्धनाच्या विणकरांच्या दोन श्रेणींपाशीं त्यानें तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दलास कधींही हात लावावयाचा नाहीं. दोन हजारांचें व्याज वर्षाला दोनशें चाळीस होतें, आणि लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस दर असामीस बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे, म्हणजे तेही दोनशें चाळीसच. हिशेब चोख जमतो. स्वतः परका असलेल्या मनुष्यानें इतर परक्यांच्या राहण्याची सोय व्याजाच्या आंकड्यापर्यंत विचार करून लावून ठेवावी, यांत कांहीं अनुभव असला पाहिजे.

पुढें कित्येक शतकांनीं अरब आले. अल् मसूदी नांवाचा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला होता. त्या वेळीं तेथें दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, कांहीं सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले व कांहीं येथेंच जन्मलेले, असें तो लिहितो. त्यांच्यांतलाच एक पुढारी नेमून त्यांचे तंटे त्याच्याकडे सोंपविलेले असत. परक्यांच्या वस्तीचा जामीन परक्यांतलाच एक, ही युक्ति त्या काळच्या राजांस चांगली साधली होती. शिलाहारांच्या व राष्ट्रकूटांच्या त्या राजवटींत ही गोष्ट याहूनही पुढें गेली. चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून संजाणचा सारा प्रांत मधुमति ऊर्फ सुगतिप नांवाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे होता असें कळतें. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप. या अरबानें नदीवर फुकट तरी घातली, आणि येणाराजाणारास भात, कालवण व तूप मिळेल असें अन्नसत्र चालविलें. नांव बदललें, कांहीं अंशीं रीतही बदलली, आणि पाहुणा यजमान होऊन बसला.

त्याच संजाणांत इराणांतून आलेल्या पारशांची कथा घडली. ‘किस्सा-ए-संजाण’ हें काव्य घटनेनंतर फार मागाहून, सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेलें आहे, तेव्हां त्यांतला प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घेतां येत नाहीं. तथापि आश्रय देतांना राजानें घातलेल्या अटी त्यांत दिल्या आहेत, त्या वाचल्या म्हणजे हा जणुं एक भाडेपट्टाच आहे असें वाटतें. आपल्या धर्माची माहिती द्यावी, देशाची भाषा बोलावी, स्त्रियांनीं या देशाचा पोशाख करावा, हत्यारें खालीं ठेवावीं, लग्नें संध्याकाळीं लावावीं. दुधांत साखर विरघळविल्याची सर्वतोमुखीं झालेली गोष्ट त्या काव्यांत मुळींच नाहीं. ती मागून कोणीं तरी जोडली. ती गोड आहे म्हणून टिकली, आणि अटी कडू म्हणून विसरल्या गेल्या.

येथपर्यंतचे परके एकेकटे अथवा कुटुंबकबिल्यासह आले होते. सतराव्या शतकांत सुरतेस जो भाडेकरी आला तो निराळ्या जातीचा होता. ती एक कंपनी होती. तिला मरण नव्हतें. इ. स. १६१३ च्या सुमारास इंग्रजांस सुरतेंत वखार घालण्याची परवानगी मिळाली, आणि सर टॉमस रो याच्या खटपटीनें १६१८ सालीं शहाजादा खुर्रम याच्याशीं करार झाला. त्यांत इंग्रजांनीं घर भाड्यानें घ्यावें, परंतु विकत घेऊं नये आणि बांधूं नये, असा निर्बंध होता. वरवर पाहतां ही अट जुलमी दिसते, आणि इंग्रजांस ती तशी वाटलीही. परंतु खुर्रमच्या पदरच्या माणसांस पोर्तुगीजांनीं किनाऱ्यावर काय केलें होतें हें ठाऊक होतें. वसई, दमण, दीव येथें वखारीचे कोट झाले होते. भाड्याच्या घराच्या भिंती जाड नसतात, आणि भाडेकऱ्यास कोणत्याही दिवशीं ‘ऊठ’ म्हणतां येतें, हा त्या अटीचा मथितार्थ.

मात्र अट लिहिणें निराळें आणि पाळविणें निराळें. शतकाच्या अखेरीस सुरतेंत राहिलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहितो कीं, वखारीचें घर बादशहाच्या मालकीचें असून त्याचें वार्षिक भाडें सुमारें साठ पौंड आहे. परंतु तें दुरुस्तीकडे व वाढीव बांधकामाकडे लावण्याची मुभा असल्यामुळें खजिन्यांत फारसें कांहीं पडत नाहीं. म्हणजे घरमालकाच्याच पैशानें भाडेकरी घर पक्कें करीत होता! १६६४ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली तेव्हां ऑक्झिंडन यानें याच भाड्याच्या घरांतून प्रतिकार केला, आणि घर राखलें. शहरचा मोंगल सुभेदार किल्ल्यांत लपला होता. भाडेकरी मात्र दारांत उभा होता. त्या दिवसापासून त्या घराचा खरा मालक कोण, हें सुरतेच्या लोकांस समजूं लागलें असावें. १७५९ सालीं सुरतेचा किल्लाच इंग्रजांनीं घेतला.

मराठ्यांस या गोष्टीची जाणीव नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. राजापुरास इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यांत तेथील इंग्रजांनीं शत्रूस तोफखान्याची मदत केली, तेव्हां महाराजांनीं १६६१ सालीं राजापूर मारून वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन यास सोबत्यांसह कैद केलें. हा अनुभव पुढें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त राजनीति म्हणून उतरला. इतर सावकार हे राज्याची शोभा, पण टोपीकर हे केवळ सावकार नव्हेत. त्यांच्यामागें राजे आहेत, आणि जागा हातीं आली कीं ते सोडीत नाहींत, असें अमात्य बजावतात. त्यांस जागा द्यावयाचीच झाली तर समुद्राच्या अथवा खाडीच्या कांठीं देऊं नये. चार आठ कोस आंत, थोर शहराच्या लगत, शहराच्या दाबाखालीं राहील अशी सखल जागा द्यावी. आणि पक्क्या इमारतीचें घर बांधूं देऊं नये. असे राहिले तर राहोत, न राहिले तर त्यांचें आगत्य नाहीं. घर भाड्यानें देणाऱ्या कोणत्याही सुजाण गृहस्थानें इतका दूरवर विचार क्वचितच केला असेल. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या घरगुती म्हणीचें राजकारणांतलें रूप तें हेंच.

पण अमात्य लिहीत होते त्या वेळीं मुंबईचें बेट हातचें गेलेलें होतें. तें पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहांत इंग्लंडच्या राजास मिळालें, आणि राजानें तें १६६८ सालीं कंपनीस पट्ट्यानें दिलें. भाडें किती? सालिना दहा पौंड सोनें, दरवर्षीं ३० सप्टेंबरला. सुरतेंत एका घरास साठ पौंड आणि येथें एका सबंध बेटास दहा! तेथें राहणाऱ्या कोळ्याभंडाऱ्यांस या व्यवहारांत कोणींही विचारलें नव्हतें, हें निराळें सांगावयास नको. पुढें १७८६ सालीं मॅलेट हा पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं वकील म्हणून आला व संगमावर बंगला करून राहिला. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईच्या दिवशीं संगमावरची ती वसाहत मराठ्यांनीं जाळली, तेव्हां भाडेकऱ्यास उठविण्याची वेळ फार उशिरां आली होती. त्यानंतर माहुलीचा किल्ला, त्याच्या पायथ्याचें शहापूर आणि मुरबाडचा सारा मुलूख पेशव्यांकडून कंपनीकडे गेला.

इंग्रजी अमलांत या दोन तालुक्यांचें स्वरूप पालटलें. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी वर चढली आणि शहापूरच्या बाजूनें वाहतूक सुरू झाली; नाणेघाटाची वाट गुराख्यांस आणि रानांत हिंडणारांस राहिली. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी मुंबईस गेलें. मुंबईच्या चाळींत भाड्याच्या खोलींत राहणारा कारकून ज्या नळाचें पाणी पितो त्याचा उगम या रानांत आहे, हें त्याच्या ध्यानीं क्वचितच येतें. उलट या रानांतला कातकरी दिवाळीनंतर बायकापोरांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. याला तिकडे ‘जगायला जाणें’ म्हणतात. तेथें कच्च्या विटा एकावर एक रचून, वर पाचोळा टाकून तो खोपट उभारतो. त्याचें भाडें नाहीं. परंतु आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तें सोडण्याचीही मुभा नाहीं, असे प्रसंग येतात. दहा कोसांवर गेलेला हा मनुष्य परदेशीं गेला असेंच म्हटलें पाहिजे.

खराखुरा परदेश पाहिलेल्यांत मुरबाडच्या वाटेवरील कल्याणची एक लेक अग्रभागीं आहे. आनंदीबाई जोशी यांचें माहेर कल्याणचें. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्या कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला उतरल्या. न्यूजर्सीतल्या रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर या बाईंनीं केवळ पत्रव्यवहाराच्या ओळखीवर त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. पुढें फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या आणि त्यांनीं त्या न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवल्या. बिऱ्हाडाचें नातें याहून पुढें जात नाहीं.

याच्या अगदीं उलट हकीगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे, आणि ती परदेशांत नव्हे, बडोद्यास घडली. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कला गेले. तेथून लंडनास गेले. आणि कराराप्रमाणें नोकरी करण्यासाठीं १९१७ सालीं बडोद्यास आले. परदेशांतल्या वास्तव्यानें आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसली गेली होती, असें त्यांनीं मागाहून लिहिलें आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरतांच ती परत आली. हिंदूंच्या खानावळींत जागा मिळणार नाहीं हें ठाऊक होतें. शेवटीं एका पारशी धर्मशाळेची माहिती लागली. रखवालदार म्हातारा पारशी होता; पारशाखेरीज कोणास ठेवतां येत नाहीं, असें त्यानें सांगितलें. तोड निघाली ती अशी कीं, नोंदवहींत पारशी नांव लिहावें, आणि रोजीं दीड रुपया राहण्याजेवण्याचा द्यावा. बिचाऱ्या म्हाताऱ्यासही त्या ओस जागेंत गिऱ्हाईक हवेंच होतें. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारीं अडगळीनें भरलेलें मोठें दालन, आणि रात्रीं एक मिणमिणता कंदील. कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेला पंडित त्या अंधारांत पुस्तक वाचीत, रात्रीं आपल्या एकांतावर कष्टी होत राहिला.

अकराव्या दिवशीं सकाळीं डझनभर पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिन्यावर आले. धर्मशाळा बाटविली, असा त्यांचा आरोप. एक आठवडा द्यावा, सरकारी बंगला मिळण्याची आशा आहे, ही विनंति त्यांनीं ऐकली नाहीं. संध्याकाळपर्यंत जागा सोडली पाहिजे. आंबेडकरांनीं दोन मित्रांस विचारलें. एक हिंदु, तो म्हणाला, तुम्ही घरीं आलां तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, त्याची पत्नी जुन्या वळणाची, तिला विचारल्यावांचून सांगतां येत नाहीं असें त्यानें कळविलें, म्हणजे नाहींच म्हटलें. ज्या समाजाला संजाणच्या राजानें हजार वर्षांपूर्वीं अटीवर का होईना, छप्पर दिलें होतें, त्यांतल्या माणसांच्या हातीं त्या दिवशीं काठ्या होत्या, आणि ज्यांचा हा देश होता त्यांनीं त्याआधींच दार लावून घेतलें होतें. दोष कोणा एका समाजाच्या माथीं मारून सुटका होण्यासारखी नाहीं. संध्याकाळीं खोली सोडून बॅरिस्टरीची तयारी करीत असलेला हा तरुण कामाठीबागेंत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीनें मुंबईस निघून गेला. या व अशा प्रसंगांच्या आठवणींस त्यांनीं पुढें जें नांव दिलें तें ध्यानांत घेण्याजोगें आहे: ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे प्रवेशपरवान्याची वाट पाहतांना. हें छोटें पुस्तक १९९० सालीं छापून निघालें.

लंडनांत परत गेल्यावर १९२१-२२ च्या सुमारास ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरांत राहत होते. तें घर २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत स्मारक म्हणून त्याचें उद्घाटन झालें. पुढें त्या घराचें संग्रहालय करण्यास तेथील नगरपालिकेनें हरकत घेतली. वस्ती राहण्याची आहे, संग्रहालयाची नव्हे, असा मुद्दा निघाला, आणि कांहीं शेजाऱ्यांनींही वर्दळीची तक्रार केली. अपिलांत जाऊन अखेर २०२० सालीं परवानगी मिळाली.